मनोवैद्याची फी

वैद्याने रोग्याकडून मोबदला घ्यावा, यात कोणी वावगे मानीत नाही. परंतु ज्या उपचारात औषधाची बाटली नाही, शस्त्रक्रिया नाही, केवळ तासभर बोलणे आणि ऐकणे आहे, तेथे पैशाची गोष्ट काढताना दोघेही संकोचतात. मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांना हा संकोच मान्य नव्हता. वैद्याने आपली फी आरंभीच निःसंकोचपणे सांगावी, असे त्यांनी १९१३ साली लिहिले. ठरलेला तास रोग्याचा. तो आला नाही तरी त्याचे मोल त्याने द्यावे, हाही त्यांचा नियम होता.

पुढे काळानेच या नियमाची परीक्षा पाहिली. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे चलन कोसळले आणि फ्रॉइड यांची आयुष्यभराची शिल्लक मातीमोल झाली. संसार चालवायचा तर पौंड आणि डॉलर देणारे परदेशी रोगी घेणे भाग होते. हा अन्याय म्हणावा काय? ज्याला स्वतःच्या चरितार्थाचा घोर लागला आहे, तो दुसऱ्याचे दुःख स्वस्थ चित्ताने कसे ऐकणार? पण मग व्हिएन्नातल्या गरिबाने जावे कोठे? हा प्रश्न फ्रॉइड यांनाही सुटला नव्हता. गरिबांसाठी मोफत मानसोपचार हवा, असे त्यांनी १९१८ साली बुडापेस्टच्या परिषदेत प्रतिपादन केले. १९२० मध्ये बर्लिन येथे आणि १९२२ मध्ये व्हिएन्नात तशी चिकित्सालये निघाली.

याच काळात सर्गेई पान्कयेफ हा त्यांचा जुना रोगी परत आला. युद्धापूर्वी तो रशियातला धनाढ्य जमीनदार होता. क्रांतीने त्याला निष्कांचन केले. १९१९ साली फ्रॉइड यांनी त्याच्यावर विनामूल्य उपचार केले, आणि नंतर सहा वर्षे त्याच्यासाठी वर्गणीही जमवली. या औदार्याला एक अनपेक्षित फळ आले. घराण्याचे काही जडजवाहीर पान्कयेफच्या हाती आले, तेव्हा मदत थांबेल या भीतीने त्याने ते लपवून ठेवले. १९२६ साली ज्यांनी त्याला तपासले, त्या रूथ मॅक ब्रन्स्विक यांच्या वृत्तान्तात ही हकीकत आहे. ज्या उपचाराचा पायाच मनातले सारे सांगून टाकणे हा, त्या पायालाच तडा गेला.

परिस्थिती वैद्याचीही पालटते, रोग्याचीही. तेव्हा फी वाढेल, उतरेल, क्वचित सोडूनही द्यावी लागेल. मात्र तो बदल आधी, कारणासह आणि विचार करण्यास अवसर देऊन सांगितला, तर रोग्याला आपले म्हणणे मांडता येते. आणि ज्याला फीविषयी मोकळेपणाने बोलता आले, त्याला इतर दुःखेही बोलून दाखवणे सोपे जाते.