वहीपूजन आणि पीएच.डी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेतून एक चक्कर मारावी. दुकानादुकानांतून पाटावर नव्या वह्या मांडलेल्या, त्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुले, शेजारी लाह्या-बत्तासे. हल्ली वहीच्या जोडीला कॉम्प्युटरलाही कुंकू लागते, पण हात जोडले जातात ते वहीपुढेच. कीर्द, खतावणी, रोजमेळ हे शब्द आमच्या पेठांतून पिढ्यान् पिढ्या नांदत आले. तेव्हा घरातल्या सूनबाईंनी याच विषयात पीएच.डी. करायचे मनावर घेतले, तर सासूबाईंनी विचारावेच, "एवढं शिकून शेवटी जमाखर्चच ना लिहायचा?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. जमाखर्च कसा लिहावा, हे पेढीवरचा दिवाणजीही शिकवील. पण लिहिलेला जमाखर्च खरे काय ते सांगतो का, आणि त्यातल्या एका आकड्यापायी कुणाच्या पदरात किती पडते, हे विचारायला दिवाणजीला फुरसद नसते. मुभा तर त्याहून नसते.

उसाचेच घ्या. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी त्यावाचून गप्पा पुऱ्या होत नाहीत. ऊस एकच, पण गाळला की त्यातून साखर निघते, मळी निघते, बगॅस निघते. उसाची किंमत आणि गाळपाचा खर्च या तिघांत वाटायचा कसा? पुढची गंमत अशी, की रंगराजन समितीने २०१२ साली साखर आणि हे उपपदार्थ यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असे सुचवले. आता एखाद्या कारखान्याची स्वतःचीच डिस्टिलरी आहे असे समजा. मळी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. बाजार मध्ये आलाच नाही. मग वहीत तिचा भाव काय लावायचा? तो कमी लावला की वाटणीला येणारी रक्कम आटली, आणि शेतकऱ्याचा वाटाही तेवढा आटला. कुणी चोरी केलेली नाही, नोंद नियमाप्रमाणे झाली आहे. तरी फरक पडला तो पडलाच. अशा एका आकड्यामागे तीन-चार वर्षे लागणे याला मी तरी रिकामपणाचा उद्योग म्हणणार नाही.

साताऱ्याचे रयत शिक्षण संस्थेचे वाणिज्य महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकत असताना हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवर प्रबंध लिहीत होते. त्याचा ग्रंथ १९२४ साली छापून निघाला. पण पुढे हेच पंडित प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले. प्रबंध आणि गूळ-साखर यांचे सोवळे-ओवळे त्यांनी मानले नाही.

असो. सूनबाईंच्या वाटेवर पहिले ठिकाण कोल्हापूर. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले आणि या भागाला पुण्याकडे तोंड करून बसण्याचे कारण उरले नाही. एम.कॉम.ला ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. सी.ए. झालेल्यांची पदवीही २०२१ पासून पदव्युत्तर पदवीच्या तोडीची मानतात. त्यानंतर प्रवेश परीक्षा किंवा नेट, मुलाखत, संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम, दर सहा महिन्यांनी समितीपुढे हजेरी. २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षे, कमाल ६. फेरनोंदणीने आणखी २, आणि स्त्रियांना त्यावरही २ वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. नोकरी सांभाळून, अर्धवेळ करण्याची सोय आता आहे. खरी टंचाई मार्गदर्शकांची, कारण प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, एवढीच मर्यादा. जागा रिकामी होईपर्यंत थांबणे आले.

पण याहून अवघड गोष्ट कुठल्याच नियमावलीत छापलेली नाही. ती म्हणजे वही उघडून घेणे. संस्थेचा वार्षिक अहवाल सभासदाच्या घरी असतो, रद्दीतही सापडतो. त्यामागची खतावणी मागून पाहा! चहा मिळतो, "साहेब दौऱ्यावर आहेत" हे उत्तर मिळते, पुढच्या सोमवारचा वायदा मिळतो. म्हणून कित्येक जण दोन-चारशे जणांकडून छापील प्रश्नावल्या भरून घेतात, "समाधानी आहात का?" अशा प्रश्नांपुढच्या खुणा मोजतात आणि प्रबंध बांधतात. पदवी मिळते. मळीच्या भावाचे काय झाले, ते मात्र कळत नाही.

सूनबाईंनी पहिला विषय असाच सोपा निवडला होता, असे समजू. मग त्यांनी कराड जनता सहकारी बँकेची हकीकत वाचली. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असेही तेव्हा सांगितले गेले. त्याच वर्षी विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती, ते कामी आले. सूनबाईंना प्रश्न पडला तो निराळाच. बुडीत कर्जाची तरतूद ताळेबंदात किती आधीपासून वाचता येते? शिकलेल्या ठेवीदाराला ती दिसावी, अशा रीतीने ती मांडलेली असते का? विषय बदलला, आणि आता वह्यांसाठी संस्थांचे उंबरठे झिजवणे आले.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्या हे घरात सांगत होत्या. विमा बँकांच्या ठेवींना असतो, पतसंस्थांच्या ठेवींना तो लागू नाही, एवढे वाक्य झाले आणि सासूबाई उठल्या. आतल्या खोलीत ट्रंकेचे झाकण वाजले. लुगड्याच्या घडीतून काढलेल्या चार पावत्या घेऊन त्या दिव्याखाली आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "यातल्या बँकेच्या कुठल्या आणि पतसंस्थेच्या कुठल्या, ते आधी सांग बघू."