जुनी विंडोज, अडकलेला मराठी मजकूर

विंडोज ३.१ ही प्रणाली १९९२ मध्ये आली आणि मराठी लेखनाची मोठी सोय झाली. त्यापूर्वी डॉसवर देवनागरी दिसावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डासारखे वेगळे कार्ड संगणकात बसवावे लागत असे. विंडोजने ट्रूटाइप फॉन्ट स्वीकारले आणि पडद्यावरचे अक्षर तसेच्या तसे कागदावर उमटू लागले. त्या काळातील पत्रे, स्मरणिका आणि हस्तलिखिते कित्येक जुन्या संगणकांत अजूनही पडून आहेत. ती मिळवण्यासाठी संगणक सुरू करावा, तर चौकटी अर्धवट दिसतात, चित्रचिन्हे काळी पडतात आणि काम गोगलगाईच्या गतीने चालते. यंत्र निकामी झाले असे समजून ते भंगारात काढण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पडदा बिघडला म्हणजे मजकूर नष्ट झाला, असे नव्हे.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी मजकुराच्या फायली, तसेच ‘विन डॉट आयएनआय’ व ‘सिस्टिम डॉट आयएनआय’ या दोन फायली फ्लॉपीवर उतरवून घ्याव्यात. हे काम डॉसमधूनच होते. विंडोज चालू असण्याची गरज नसते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा.

पहिला संशय चित्रपटलाच्या ड्रायव्हरवर घ्यावा. डॉसमध्ये विंडोजच्या डिरेक्टरीत जाऊन ‘सेटअप’ ही आज्ञा द्यावी आणि साधा व्हीजीए ड्रायव्हर निवडावा. दोष नाहीसा झाला, तर तो जुन्या ड्रायव्हरचाच होता. या बदलाने वेगही वाढू शकतो. ६४० बाय ४८० बिंदू व १६ रंगांचे चित्र १५० किलोबाइटमध्ये मावते. १०२४ बाय ७६८ बिंदू व २५६ रंगांच्या चित्राला ७६८ किलोबाइट लागतात. हा पाचपट भार त्या काळच्या साध्या कार्डांना जड जाई.

ड्रायव्हर बदलूनही विंडोज सुरू होताना पडदा विस्कटत असेल, तर ‘विन’ या आज्ञेपुढे स्लॅश, डी, विसर्गचिन्ह आणि एक्स असे टंकून पाहावे. त्यामुळे चित्रपटलासारख्या कार्डांसाठी राखलेल्या स्मृतिभागात विंडोज मोकळी जागा शोधत नाही. एवढ्याने काम झाले, तर स्मृतीच्या जागेवरून दोघांत संघर्ष होता, हे निश्चित होते.

तिसरे कारण सहज फसवते. रेखाचित्रणासाठी विंडोजने राखलेली ‘जीडीआय’ ही स्मृती अवघी ६४ किलोबाइटची होती. ती भरली की संगणकात कितीही स्मृती शिल्लक असो, मेनूतील अक्षरे गायब होतात. प्रोग्राम मॅनेजरच्या ‘हेल्प’मधील ‘अबाउट’ या चौकटीत ‘सिस्टिम रिसोर्सेस’ची टक्केवारी दिसते. ती फार घसरली असेल, तर विंडोजमधून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. काही प्रोग्राम बंद झाल्यावरही घेतलेली जागा परत करीत नाहीत, म्हणून नुसत्या चौकटी मिटून भागत नाही.

मराठी वापरणाऱ्यांच्या संगणकात डझनावारी फॉन्ट भरलेले असतात. प्रत्येक फॉन्टची नोंद आरंभीच वाचली जात असल्याने विंडोज सुरू होण्यास विलंब लागतो. अनावश्यक फॉन्ट यादीतून काढावेत, मात्र त्यांच्या फायली पुसू नयेत. त्या काळी देवनागरीच्या आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. योग्य फॉन्ट नसेल, तर उत्तम मराठी परिच्छेदही रोमन अक्षरांची खिचडी दिसतो.

म्हणूनच मजकूर नव्या संगणकावर नेताना त्याच्यासोबत फॉन्टची फाइल न्यावी व फॉन्टचे नाव लिहून ठेवावे. युनिकोडमध्ये रूपांतर करताना कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते मराठी अक्षर आहे, याची किल्ली त्या नावातच असते.