जमिनीचा ताप मोजणारी चिकणमाती

उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या कन्हारी बांधीत चालून बघा. धान निघालं, पाणी आटलं, की जमिनीला अशा भेगा पडतात की चप्पल आत अडकावी. (माझी अडकली होती. पट्टा तुटला, घरापर्यंत अनवाणी आले.) आणि पावसाळा लागला की त्याच भेगा मिटून जातात, चिखल पायाला सोडत नाही.

ही करामत स्मेक्टाइट नावाच्या खनिजांची. नाव परकं वाटेल, पण ओळख जुनीच आहे. होस्टेलवर रविवारी तुम्ही तोंडाला फासता ना, त्या मुलतानी मातीत मुख्यतः हेच असतं. याचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे, पण सैल. मधल्या फटीत पाणी शिरलं की गठ्ठा फुगतो, पाणी गेलं की आक्रसतो.

आपल्या शेतातलं स्मेक्टाइट ऊन-पावसाने खडक झिजून तयार झालं. पण हेच खनिज जमिनीच्या पोटात, गरम पाण्यातही बनतं. खडकाच्या भेगांतून गरम पाणी फिरतं, फेल्डस्पार आणि ज्वालामुखीची काच विरघळवतं, आणि त्याच मालमसाल्यातून भेगांच्या कडेला चिकणमाती जमवतं. पाणी आम्लधर्मी असेल तर केओलिनाइट होतं, तेच जे चिनी मातीच्या कपबशीत जातं.

खरी गंमत पुढे आहे. तापमान वाढलं की स्मेक्टाइटला ते सोसत नाही. थरांमधलं पाणी निघून जातं, त्या जागी पोटॅशियम येऊन बसतं आणि सैल गठ्ठा जणू पिन मारल्यासारखा घट्ट होतो. हे झालं इलाइट. ते फुगत नाही. बसाल्टमध्ये पोटॅशियम कमी आणि लोह-मॅग्नेशियम जास्त, म्हणून तिथे क्लोराइट बनतं, हिरवट रंगाचं. आइसलंडच्या बसाल्टमध्ये विहिरी खोदताना हा क्रम स्पष्ट दिसला: साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत स्मेक्टाइट, मग दोन्हींची सरमिसळ, आणि २३०-२४० च्या पुढे क्लोराइट. म्हणजे वर आलेल्या चुऱ्यातली माती ओळखली की खाली किती तापलं होतं, याचा अंदाज येतो.

ओळखायची कशी? एक्स-रे यंत्र आहेच. नमुन्याला इथिलीन ग्लायकॉल देतात, हो, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. स्मेक्टाइट ते पिऊन आणखी फुगतं, इलाइट ढिम्म हलत नाही. ड्रिलिंगच्या जागेवर तर त्याहून सोपं: मिथिलीन ब्लू हा निळा रंग थेंबाथेंबाने घालायचा. स्मेक्टाइट जितकं जास्त, तितका जास्त रंग ते गिळतं.

आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? आपला चंद्रपूर जिल्हा कोळशावर जगतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमताच २९२० मेगावॅट. पण आपली कोळशाची पट्टी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याने पुढे तेलंगणात जाते आणि तिथे मणुगुरूजवळ, पगिडेरू गावात, बोअरमधून गरम पाणी येतं. सिंगरेणी कोळसा कंपनीने त्यावर २० किलोवॅटचा प्रायोगिक वीजप्रकल्प उभा केला. २९२० मेगावॅटसमोर हा आकडा म्हणजे चिमूटभर, हे मान्य. पण कोळसा खोदणारेच गरम पाण्याकडे वळून बघतायत, हे मला महत्त्वाचं वाटतं. गरम झरे महाराष्ट्रातही आहेत: विदर्भाच्या सीमेलगत किनवट तालुक्यातलं उनकेश्वर, कोकणात तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरी. लोक तिथे अंघोळीला जातात. पाणी खाली किती गरम आहे, हे मात्र अंघोळ करून कळत नाही.

खोल विहीर खोदायला कोट्यवधी रुपये लागतात, म्हणून आधी चिकणमातीला विचारतात. ओल्या स्मेक्टाइटमधून वीज सहज वाहते, इलाइट-क्लोराइटमधून तेवढी नाही. त्यामुळे जमिनीवरूनच मोजमाप करून खालचं स्मेक्टाइटचं झाकण शोधता येतं. हे झाकण पाणी अडवतं, उष्णता धरून ठेवतं. पण खोदताना हीच माती फुगून ड्रिलचा रॉड आवळते, तेव्हा ड्रिलवाल्यांच्या तोंडून तिच्याबद्दल चांगलं काही ऐकायची अपेक्षा ठेवू नका.

आणि एक फसगत. खडक थंड झाला तरी इलाइट, क्लोराइट परत स्मेक्टाइट होतीलच असं नाही. हजारो-लाखो वर्षांपूर्वीचा ताप ते तसाच दाखवत राहतात. म्हणून विहिरीत थर्मामीटर सोडतातच. माती म्हणते २४० आणि थर्मामीटर म्हणतो १५०, तर समजायचं की ही भट्टी विझत चालली आहे. दोन्ही आकडे जुळले, तर पुढचा बोअर मारायला हरकत नाही.

घरी करून बघायचं असेल तर एका ग्लासात चमचाभर मुलतानी माती, दुसऱ्यात तेवढीच बारीक वाळू घ्या. दोन्हींत पाणी ओता, ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कोणता ग्लास अजून गढूळ आहे ते बघा.