पेशी स्वतःच्या, बिल कुणाचं?

‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त रक्ताच्या कर्करोगावरच्या नेक्सकार-१९ या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले आणि ‘७३ टक्के रुग्णांत प्रतिसाद’ हा आकडा मथळ्यांत चढला. त्याच निबंधातला दुसरा आकडा तिथे मावला नाही. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ल्युकेमियात सुमारे ६ महिने, लिम्फोमात ४. अर्थात हे रुग्ण केमो होऊनही आजार उलटलेले. त्यांच्या घरच्यांना सहा महिनेही थोडे वाटत नाहीत.

आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी यांच्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्या रोगप्रतिकारक टी-पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवं जनुक घालून, वाढवून परत चढवतात. त्या पेशी सीडी-१९ ची खूण असलेली प्रत्येक बी-पेशी मारत सुटतात, कर्करोगाची तशी निरोगीसुद्धा.

खरी कसोटी मात्र पेशी शरीरात गेल्यावर लागते. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या ल्युकेमिया झालेल्या लहानग्या मुलीला अशाच पेशी दिल्या, तेव्हा ताप इतका चढला की ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-६ भलतंच वाढलेलं दिसलं. या उपचारावर काम करणारे संशोधक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, म्हणून हा घटक अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध त्यांना ठाऊक होतं. ते दिलं आणि एमिली सावरली. या शास्त्राचं नशीब एका बापाच्या माहितीवर टांगलेलं होतं, हे मला अजूनही थरारक वाटतं.

आता तो ताप अपेक्षितच धरतात. मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहायला रुग्णाला रोज प्रश्न विचारतात: साल कुठलं, शहर कुठलं, समोरच्या तीन वस्तूंची नावं सांगा, शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजा. आणि एक वाक्य लिहायला लावतात. अक्षर बिघडलं, ओळ घसरली की डॉक्टर सावध होतात. एवढ्या महागड्या उपचारात पहारा देतं ते कागद-पेन! पण तो पहारा चोवीस तास हवा, आयसीयू शेजारी हवा आणि टोसिलिझुमॅब हाताशी हवं. त्यामुळे पेशी नवी मुंबईत तयार झाल्या तरी त्या चढवायची सोय प्रत्येक जिल्ह्यात आपोआप होणार नाही.

परदेशात ३-४ कोटींचा उपचार इथे ३०-४० लाखांत, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मोलमजुरी करणाऱ्याला या दोन्ही रकमा सारख्याच अशक्य. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं. उरलेल्या रकमेसाठी घर विकायचं की वर्गणी मागायची, हे कुटुंबानेच ठरवायचं. सरकारी प्रयोगशाळा, सरकारी इस्पितळ आणि सार्वजनिक पैसा यांवर उभ्या राहिलेल्या उपचाराची किंमत ठरवताना सरकारने टेबलाच्या रुग्णाकडच्या बाजूलाही बसायला हवं. निदान मुलांच्या ल्युकेमियापासून तरी सुरुवात करा.