देणगीचा फोन आणि सभ्य नकार

देणगी मागणारे फोन दोन जातींचे असतात. एक ओळखीच्या माणसाचा: गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाचा, जत्रेतल्या कुस्त्यांचा, मंदिराच्या सभामंडपाचा. दुसरा अनोळखी नंबरावरून, दूरच्या एखाद्या शहरातून, पगारावर फोन करणाऱ्या माणसाचा. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावात पहिल्या प्रकाराची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. पावतीपुस्तक घेऊन चार जण घरी येतात, चहा होतो, आकडा थोडा खालीवर होतो आणि पावती फाडली जाते. दुसऱ्या प्रकाराला अजून रीत सापडलेली नाही, आणि अडचण नेमकी तिथे होते. सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावरच्या या गावाला तेलंगणाची हद्द जवळ. त्यामुळे समोरचा आवाज कधी मराठीत असतो, कधी हिंदीत, कधी तेलुगूतही.

दारावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, हा संस्कार मराठवाड्यात खोल रुजलेला आहे. दुष्काळाच्या सालातही पसाभर धान्य सुपातून बाहेर आले. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमुळे नांदेडला तर अन्नदान रोज डोळ्यांसमोर दिसते. फोनवर कोणी आजारी लेकराचे नाव घेतले की हाच संस्कार जागा होतो आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. त्यात काही चूक नाही. मात्र दारावर आलेला माणूस दिसतो, त्याचे गाव विचारता येते, चार घरी चौकशी करता येते. फोनवर यातले काहीच होत नाही.

फोन करणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. अशी कामे बहुतेक वेळा कॉल सेंटरमधून चालतात. नंबरांची यादी संगणकात असते, नंबर आपोआप लावला जातो, समोर लिहून दिलेला मजकूर असतो. आधी नाव घेऊन विचारपूस, मग आजाराची हकिकत, मग मोठी रक्कम, आणि ती नाकारली की लहान रक्कम, असा त्याचा क्रम असतो. फोन संपला की कर्मचारी एक नोंद टाकतो: देणार, देणार नाही, पुन्हा फोन करावा. ही तिसरी नोंदच सगळ्या त्रासाचे मूळ आहे. समोरासमोर ‘बघू’ म्हटले की गावातल्या कोणालाही नकार कळतो. यंत्रणेत मात्र ‘बघू’, ‘सध्या जमत नाही’, ‘दिवाळीनंतर करा’ ही सगळी उत्तरे पुन्हा फोन करण्याच्या खात्यात जातात. मनात नकार असताना सौजन्य म्हणून आशा ठेवणारा माणूस स्वतःलाच पुढचे चार फोन बोलावून घेतो, आणि फोन करणाऱ्याचाही वेळ वाया घालवतो.

सबबीचेही तसेच. ‘पैसे नाहीत’ म्हटले की ‘शंभर तरी द्या’ येते. ‘मालक घरी नाहीत’ म्हटले की ‘कधी येतील?’ येते. ‘आत्ताच दुसरीकडे दिले’ म्हटले की हा देणारा माणूस आहे, एवढेच समोरच्याला कळते. प्रत्येक सबबीला लिहून दिलेले उत्तर तयार असते. कारण न देता केलेल्या नकाराला ते नसते. म्हणून सभ्य नकार हा छोटा, स्पष्ट आणि बिनकारणाचा असावा. पहिले वाक्य पूर्ण होऊ द्यावे, मग शांतपणे सांगावे: ‘ताई, आम्ही फोनवर देणगी देत नाही. हा नंबर तुमच्या यादीतून काढून टाका. ठेवते.’ समोरचा तरुण असेल तर ‘दादा’ म्हणावे, हिंदीत बोलत असेल तर हेच हिंदीत सांगावे. आग्रह झाला तर तेच वाक्य तशाच आवाजात एकदा पुन्हा म्हणावे आणि फोन ठेवावा. दोनदा सांगून फोन ठेवण्यात कोणताही उद्धटपणा नाही. शिवी देणे, ‘तुम्ही सगळे चोर’ म्हणणे, तासभर खेळवत ठेवणे हा मात्र अन्याय आहे. पलीकडे बहुधा तुटपुंज्या पगारावरचा पोरगा किंवा पोरगी असते आणि संस्था खरीही असू शकते.

आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी येणारा फोन सर्वांत अवघड. त्यावर एक उपयोगी प्रश्न आहे: सरकारी योजनेत अर्ज केला आहे का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोषासारख्या आजारांवर मोफत उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. रुग्ण खरा असेल तर ही माहिती पाचशे रुपयांपेक्षा मोलाची ठरू शकते. ज्याला खरोखर मदत करायची आहे त्याने रुग्णालयाचे नाव विचारावे, त्या रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून चौकशी करावी आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरता येतात का ते पाहावे. फोनवाल्याने दिलेल्या नंबरावर चौकशी करण्याला काही अर्थ नाही.

ज्यांना संस्थेला द्यावेसे वाटते त्यांनी फोनवर ‘हो’ न म्हणता माहिती मागावी. महाराष्ट्रातली सार्वजनिक संस्था असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिला नोंदणी क्रमांक असतो. त्यात ‘ई’ किंवा ‘एफ’सारखे अक्षर, आकडा आणि कंसात जिल्ह्याचे नाव येते. हा क्रमांक त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात पडताळता येतो. नोंदणी नसलेल्या मंडळाला गणेशोत्सवासारख्या कामासाठी वर्गणी जमवायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ४१ (क) प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. करसवलतीचे गाजर बऱ्याच फोनांत दाखवले जाते. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली तर मिळत नाही, आणि त्यासाठी संस्थेकडून देणगीचे ठरावीक प्रमाणपत्र घ्यावे लागते. खऱ्या संस्थेला हे सारे विचारल्याचा राग येत नाही. ‘आजच द्या, उद्या उशीर होईल’ असे म्हणत जो प्रश्न टाळतो, त्याला देऊ नये.

फसवणूक कशी होते याचा एक जुना दाखला पुरेसा आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत पीएम केअर्स निधी जाहीर झाला, तेव्हा त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातले एकच अक्षर गाळून बनावट पत्ता फिरवला गेला. मदतीची लाट आली की तिच्या मागोमाग अशी लबाडीही येते. पूर, भूकंप, साथ, काहीही असो. अनोळखी दुवा उघडू नये, क्यूआर कोड स्कॅन करू नये, फोनवर कोणालाही ओटीपी सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. दुपारी एकटे असताना आलेल्या फोनवर कोणीतरी ‘आजी’ म्हणून गोड बोलते, आणि बोलायला माणूस मिळाला हेच त्यांना पुरते. त्यांच्या हातून फोन काढून घेणे किंवा चारचौघांत रागावणे हा अपमान आहे. देणगीचा निर्णय घरात सर्वांनी मिळून होतो, असे ठरवून त्यांना एक वाक्य द्यावे: ‘आमच्याकडे पोरं घरी आल्यावरच ठरतं, तुम्ही कागद पाठवा.’ सबब म्हणून नव्हे, खरोखर तसा नियम करून. एकदा दिले की नाव यादीत पक्के होते, हेही त्यांना सांगावे. ब्रिटनमध्ये २०१५ साली ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक या ९२ वर्षांच्या बाईंचे निधन झाले, तेव्हा ९९ संस्थांकडे त्यांचे नाव-पत्ता असल्याचे चौकशीत आढळले. बाईंनी आयुष्यभर मदतनिधी गोळा केला होता. कुटुंबाने मृत्यूचा दोष संस्थांना दिला नाही, पण देशभर प्रश्न उभा राहिला. पुढे निधीसंकलनासाठी नवे नियामक मंडळ आले, आणि २०१७ पासून तिथला नागरिक संस्थेचे नाव घेऊन तिचे फोन आणि पत्रे बंद करू शकतो.

भारतात अशी स्वतंत्र सोय नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या डीएनडी यादीत, म्हणजे जाहिरातीचे नको असलेले फोन अडवण्याच्या यादीत, बँक-विमा, घरजमीन, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वर्ग आहेत, देणगीचा वर्गच नाही, आणि नियमांचा रोख वस्तू-सेवांच्या जाहिरातीवर आहे. अमेरिकेतही २००३ च्या ‘डू नॉट कॉल’ यादीतून धर्मादाय संस्था वगळलेल्या आहेत. ही त्रुटी भरून काढायला हवी. देणगीला वेगळा वर्ग करणे अवघड नाही. तरीही १९०९ वर फोन करून किंवा ट्रायच्या अॅपवरून जाहिरातीचे सर्व प्रकारचे फोन बंद करण्याची नोंद करून ठेवावी. जाहिरातीच्या फोनांना १४० ने सुरू होणारे नंबर नेमून दिलेले आहेत. साध्या दहा अंकी नंबरावरून जाहिरात, योजना किंवा वस्तू गळ्यात मारणारा फोन आला, तर यादीत नाव नसले तरी १९०९ वर तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीन दिवसांऐवजी सात दिवसांची मुदत मिळाली आहे. फसवणुकीचा संशय असलेला, पण पैसे न गेलेला फोन दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवावा. तक्रारीसाठी नंबर, तारीख, वेळ आणि बोलण्याचा मथितार्थ लागतो, म्हणून फोन ठेवल्याबरोबर हे सारे कागदावर टिपून घ्यावे.