नवरात्र, सुगी आणि शरीर

आश्विन मास उजाडला म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारीं दोन पाहुणे एकदमच येतात. एकीकडे घटस्थापना, तुळजापूरची ओढ, नऊ दिवसांचे उपवास व रात्रींचे जागर. दुसरीकडे काढणीस आलेलें सोयाबीन आणि त्यापाठोपाठ रब्बी ज्वारीची व हरभऱ्याची पेरणी. दोहोंचाही मान ठेवावा लागतो. परंतु ज्या देहाच्या बळावर तो ठेवावयाचा, त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. म्हणून त्याविषयीं शेतकरी बंधूंस चार गोष्टी सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

सोयाबीनची शेंग फार वाळली कीं तडकते व दाणे रानांत सांडतात. तेव्हां काढणी पुढें ढकला, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. पीक थांबत नाहीं. व्रताचें ओझें मात्र हलकें करतां येतें, आणि ती सोय आपल्या वाडवडिलांनींच करून ठेविली आहे. ज्यास नऊ दिवस झेपत नाहींत त्यानें पहिल्या व शेवटच्या दिवशीं उपवास करावा. यासच आपण ‘उठतां-बसतां’ उपवास म्हणतों. दिवसभर उन्हांत विळा चालविणाऱ्यानें ही रीत पाळण्यांत कमीपणा मानूं नये. विशेषतः घरांतील स्त्रियांस हें आग्रहानें सांगावें. कारण स्वयंपाक, घट, पाहुणे व शेत हीं चारही कामें त्यांच्याच माथीं असतात, आणि उपवासही बहुधा त्यांचाच कडक असतो. गुत्त्यानें काढणी करणाऱ्या मजुरांतही अनेक उपवासाचे असतात. त्यांस दुपारचीं दोन घटका सावली व पिण्याचें स्वच्छ पाणी देणें हें मालकाचें कर्तव्य होय.

नऊही दिवस व्रत करणाऱ्यांनीं केवळ साबुदाणा व बटाटा यांवर राहूं नये. त्यांत पिष्टाखेरीज फारसें सत्त्व नाहीं. दूध, दहीं, राजगिरा, शेंगदाणे व फळें यांची जोड द्यावी, आणि मीठ घातलेलें ताक वरचेवर घ्यावें. मधुमेहाच्या गोळ्या अगर इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपवास धरूं नये. औषध घेऊन उपाशी राहिल्यास रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. घाम, थरथर व भ्रम हीं तिचीं लक्षणें होत. माणूस शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखर चारावी.

भगरीविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. तिचें पीठ हवेंतील ओल चटकन शोषून घेतें, त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि त्या बुरशीचें विष शिजविल्यानें जाईलच असें नाहीं. म्हणून सुटें व जुनें पीठ आणूं नये. तारीख छापलेली बंद पुडी घ्यावी, अगर भगर निवडून लागेल तेवढीच घरीं दळावी. शिजविलेली भगर ताजीच संपवावी. बुरसटलेले शेंगदाणेही फेकून द्यावेत. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं नांदेड जिल्ह्यांतील कोष्टवाडी येथें एकादशीचा प्रसाद घेतल्यावर दोन हजारांच्या आसपास लोकांस अन्नबाधा झाली. सामुदायिक फराळ करणाऱ्या मंडळांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अन्नाइतकेंच पाणीही जपावें. २०२५ सालीं २२ सप्टेंबर रोजीं घट बसले, आणि त्याच सुमारास परंडा तालुक्यांत पुरानें हाहाकार उडविला. अशा पावसानंतर विहिरीचें पाणी शुद्ध केल्यावांचून पिऊं नये. गोल विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरांत मोजावी. व्यासास व्यासानें, मग खोलीनें व शेवटीं ७८५ नीं गुणिलें म्हणजे पाण्याचे लिटर निघतात. दर हजार लिटरांस सुमारें अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असल्यास ३७,६८० लिटर पाणी होतें, व त्यास सुमारें ९५ ग्रॅम पावडर पुरते; गढूळ पाण्यास अधिक लागते. पावडर बादलींत कालवून चुना तळाशीं बसूं द्यावा, वरची निवळ रात्रीं विहिरींत सोडावी, व सकाळीं पाणी भरावें. तरीही कोणास जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें व दवाखाना गांठावा. येथें चहाचा चमचा समजावा.

आतां झोपेविषयीं. जागर करून आलेल्या माणसानें दुसऱ्या दिवशीं मळणी यंत्रावर उभें राहूं नये. पेंगुळलेला हात, सैल पदर वा लोंबतें उपरणें यंत्रांत सांपडण्यास क्षणही पुरतो. ज्या घरीं जागर असेल त्यानें मळणी एक दिवस मागें घ्यावी. कापून, वाळवून नीट झांकलेल्या गंजीस एका दिवसानें बाध येत नाहीं.

तुळजापूरचा क्रम आपण सर्व जाणतोंच. दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें कीं देवी पलंगावर निद्रा घेते, ती थेट पौर्णिमेपर्यंत. त्या निद्रेस श्रमनिद्रा असें नांव आहे. नऊ दिवसांच्या श्रमानंतर जिथें भवानीसही विसावा दिला जातो, तिथें तिच्या लेंकरांनीं व लेंकींनीं रोज रात्रीं सहा-सात तास पाठ टेकावी, यांत आळस तो कसला?