जेलपासून इंजेक्शनपर्यंत : स्त्रियांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंधाचा मागोवा (२०१०–२०२५)

एचआयव्ही प्रतिबंधाच्या संशोधनाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास सहसा औषधांची नावे आणि टक्केवारी यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु या काळातील सर्वांत मोठा बदल संशोधनाच्या मूळ प्रश्नात झाला. कोणते औषध विषाणूला अडवते, एवढ्यावर न थांबता, ज्या स्त्रीसाठी ते आहे तिला ते तिच्या घरात आणि तिच्या परिस्थितीत वापरता येईल का, हेही विचारले जाऊ लागले, आणि याच दुसऱ्या प्रश्नाने पुढील संशोधनाची दिशा ठरवली.

१९९० च्या दशकात प्रतिबंधाचा प्रचार संयम, एकनिष्ठा आणि कंडोम या तीन गोष्टींवर उभा होता. कंडोमसाठी पुरुष राजी असावा लागतो, आणि स्वतः एकनिष्ठ राहणाऱ्या पत्नीला पतीच्या वर्तनापासून त्या एकनिष्ठेमुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही. म्हणून जोडीदारावर अवलंबून न राहता स्त्रीला स्वतः वापरता येईल असे योनीमार्गात लावण्याचे विषाणुरोधक जेल, ज्याला मायक्रोबिसाइड म्हणतात, शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांची सुरुवात धक्कादायक होती. नोनोक्सिनॉल-९ या शुक्राणुनाशकाच्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत मांडले गेले, तेव्हा त्याचा वारंवार वापर करणाऱ्या देहव्यवसायातील स्त्रियांमध्ये लागण उलट वाढल्याचे दिसून आले.

जुलै २०१० मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत हे चित्र पालटले. कुरैशा अब्दुल करीम आणि सलीम अब्दुल करीम या दक्षिण आफ्रिकी संशोधकांनी क्वाझुलु-नाताल प्रांतातील ८८९ स्त्रियांवर केलेल्या ‘कॅप्रिसा ००४’ चाचणीत टेनोफोव्हिर या औषधाच्या जेलमुळे लागण ३९ टक्क्यांनी घटली होती, आणि जेल सर्वाधिक नियमितपणे वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये ही घट ५४ टक्के होती. एचआयव्ही उपचारांत वापरले जाणारे औषध निरोगी स्त्रीचे आधीच रक्षण करू शकते, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. लागण होण्याआधीच औषध घेण्याच्या या पद्धतीला ‘प्रेप’ असे संक्षिप्त नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी ‘एचपीटीएन ०५२’ या नऊ देशांतील चाचणीने, जिच्या केंद्रांत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती, बाधित जोडीदारावर लवकर उपचार सुरू केल्यास त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते हे सिद्ध केले. मात्र हा मार्ग जोडीदाराची तपासणी झालेली असण्यावर आणि त्याने उपचार घेण्यावर अवलंबून असल्याने, स्त्रीच्या स्वतःच्या हाती असलेल्या साधनाची गरज त्याने संपली नाही.

ती गरज भागवणे किती अवघड आहे, हे ‘व्हॉइस’ चाचणीने २०१३ मध्ये दाखवून दिले. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांना रोज गोळी घेण्यास किंवा जेल लावण्यास सांगितले होते, आणि यांपैकी एकाही साधनाने संरक्षण दिले नाही. सहभागी स्त्रियांच्या सांगण्यानुसार सुमारे ९० टक्के मात्रा घेतल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात रक्ताच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहूनही कमी नमुन्यांत औषधाचा अंश सापडला. या तफावतीचा अर्थ स्त्रिया खोटे बोलल्या असा लावून थांबणे सोपे होते. परंतु संशोधकांनी त्यांच्याशी पुन्हा सविस्तर बोलून कारणे समजून घेतली, आणि दुष्परिणामांच्या धास्तीबरोबरच बदनामीची भीती पुढे आली : गोळ्या बाधितांच्या उपचारातीलच असल्याने त्या घरात सापडल्या, तर पती, सासू किंवा शेजारी आपल्यालाच बाधित समजतील, असे अनेकींना वाटत होते. निरोगी असताना रोज औषध घेणे, तेही लपवून, ही अपेक्षाच त्यांच्या जगण्याशी विसंगत होती.

संशोधक आणि सहभागी यांच्यातील हा संवाद आपसूक घडलेला नव्हता. २००४ साली कंबोडियातील देहव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने नियोजित प्रेप चाचणीत दुष्परिणामांवरील दीर्घकालीन उपचारांची हमी मागितली होती. ती न मिळाल्याने विरोध वाढला आणि सरकारने चाचणी सुरू होण्याआधीच थांबवली. या अनुभवानंतर संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम आणि ‘एव्हॅक’ ही प्रतिबंधाच्या प्रचारासाठी झटणारी संस्था यांनी २००७ मध्ये लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांमुळे ज्या समाजात चाचणी होणार त्याचा सल्ला आराखड्याच्या टप्प्यापासूनच घेणे हा चांगल्या संशोधनाचा निकष मानला जाऊ लागला.

त्यानंतरची साधने रोजच्या आठवणीचे ओझे कमी करणारी होती. डॅपिव्हिरिन हे औषध महिनाभर हळूहळू सोडणाऱ्या सिलिकॉनच्या योनीकड्याने २०१६ च्या दोन चाचण्यांत लागण २७ आणि ३१ टक्क्यांनी कमी केली, पण अगदी तरुण वयाच्या स्त्रियांना त्याचा लाभ झालेला दिसला नाही. पुढे ‘रीच’ अभ्यासात १६ ते २१ वयाच्या मुलींना कडे आणि गोळी दोन्ही वापरून पाहू दिली आणि मग निवड त्यांच्यावर सोपवली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश मुलींनी कडे निवडले. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिर इंजेक्शनाने २०२० मध्ये रोजच्या गोळीवर मात केली. याच काळात लशींच्या मोठ्या चाचण्या मात्र एकामागून एक अपयशी ठरत होत्या.

जून २०२४ मध्ये ‘पर्पज १’ चाचणीचे निष्कर्ष आले. विषाणूच्या जनुकीय द्रव्याभोवतीच्या प्रथिन-कवचाचे कार्य बिघडवणारे लेनाकापाव्हिर हे औषध पोटाच्या त्वचेखाली टोचले की तेथे साठून राहते आणि सहा महिने हळूहळू रक्तात उतरते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील ज्या २,१३४ तरुणींना ते मिळाले, त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळ्या दिलेल्या दोन गटांत मिळून ५५ जणींना झाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचा चाचणीत समावेश होता, आणि गरोदर राहिलेल्या स्त्रियांना त्यातून वगळले गेले नाही, या दोन्ही गोष्टी लोकसहभागाच्या आग्रहाशी सुसंगत होत्या. जून २०२५ मध्ये अमेरिकेने प्रतिबंधासाठी या औषधाला मान्यता दिली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

यानंतरचा पेच वैद्यकीय राहिलेला नाही. अमेरिकेत या औषधाची वार्षिक किंमत २८ हजार डॉलरांहून अधिक आहे. ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने १२० देशांसाठी सहा उत्पादकांना परवाने दिले, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर या कंपन्या आहेत; सप्टेंबर २०२५ मधील घोषणेनुसार २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरांत मिळायचे आहे. परंतु ब्राझील, मेक्सिको, पेरू आणि अर्जेंटिना हे देश परवान्यात नाहीत, जरी याच औषधाच्या ‘पर्पज २’ चाचणीसाठी तेथील लोकांनी स्वतःला पुढे केले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि नंतर दिलेल्या सवलतीत प्रेप केवळ गरोदर व स्तनदा स्त्रियांपुरते मर्यादित ठेवले. ज्या अविवाहित तरुणींसाठी आणि देहव्यवसायातील स्त्रियांसाठी इतकी वर्षे शोध चालला, त्याच त्यामुळे वगळल्या गेल्या.

२०२४ मध्ये जगात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली, आणि २०२५ साठी ठरवलेले उद्दिष्ट ३ लाख ७० हजारांचे होते. ही दरी भरून काढणारे औषध आता उपलब्ध आहे, आणि ते मिळवून देणाऱ्या स्त्रियांनी आपल्या रक्ताच्या नमुन्यांतून, आपल्या नकारातून आणि आपल्या स्पष्ट उत्तरांतून संशोधनाला योग्य मार्गावर आणले आहे. म्हणून पुढील काळाचे मोजमाप शोधनिबंधांतील टक्क्यांनी न होता, या स्त्रियांच्या वस्तीतल्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी ते इंजेक्शन मोफत, विनाचौकशी आणि अखंड मिळते की नाही यानेच व्हायला हवे; सरकारे, देणगीदार आणि कंपन्या या तिघांनाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.